पेनाइन वे : मूरवरची वाट आणि सरायांतले मुक्काम — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, पण बरीच वर्षं लीड्सला राहते. पेनाइन वे मी दोन उन्हाळ्यांत, दोन टप्प्यांत पूर्ण केली. रोज संध्याकाळी वाटेवरच्या गावातल्या सराईत उतरायचं, सकाळी पुन्हा पाठीला सॅक, असं. तेव्हापासून पुण्या-साताऱ्याचे ट्रेकर मित्र, भाचरं, त्यांचे ग्रुप फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. सगळ्यांची उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

पेनाइन वे म्हणजे नक्की काय?

इंग्लंडच्या उत्तर भागात मधोमध पेनाइन नावाची डोंगररांग आहे. तिला इथे इंग्लंडचा कणा म्हणतात. या कण्यावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी ही पायवाट. सुरुवात डर्बीशरमधल्या ईडेल गावी आणि शेवट स्कॉटलंडच्या हद्दीत, किर्क येथोमला. एकूण २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटर. आळंदी-पंढरपूर वारीच्या दीडपटीहून जास्त, आणि वाटेत सपाट रस्ता फार थोडा. २४ एप्रिल १९६५ रोजी ती अधिकृतपणे खुली झाली. इंग्लंडमधली ही पहिली राष्ट्रीय पायवाट.

मूर कशाला म्हणतात? आपल्याकडे तसं काही आहे का?

कासचा सडा डोळ्यांपुढे आणा. उघडा, झाडं नसलेला, वारा थेट अंगावर घेणारा. लांबून पाहिलं तर मूर तसाच दिसतो. पण पायाखाली सगळं वेगळं. सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर असतो, पावसाळा सरला की पाणी आटतं. मूरवर शेवाळ हजारो वर्षं अर्धवट कुजत राहून पीट नावाचा काळा, स्पंजासारखा थर तयार झालेला असतो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर अशा संथ गतीने तो वाढतो. त्यात पाणी बारा महिने मुरलेलं असतं. कोरडा वाटणारा भाग पाय दिल्यावर पोटरीपर्यंत आत घेतो.

जूनमध्ये या दलदलीवर पांढऱ्या बोंडांचं गवत डोलतं. त्याचं नावच कापूसगवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला विदर्भातली वेचणीला आलेली शेतं आठवली. ऑगस्टमध्ये हेदर नावाचं खुरटं झुडूप फुलतं आणि मैलच्या मैल जांभळे होतात. कासचा बहर पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त इथे एकच रंग सगळं व्यापून टाकतो. पक्ष्यांत लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू आणि आपल्या टिटवीचा भाऊबंद लॅपविंग. ग्राउस नावाचा कोंबडीएवढा पक्षी पायाजवळून अचानक उडतो. तो ‘गो बॅक, गो बॅक’ असं ओरडतो, असं इथले लोक सांगतात, आणि ऐकल्यावर खरंच तसं वाटतं.

आम्ही सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरतोय. कळसूबाई १६४६ मीटर, तुमचं सगळ्यात उंच ठिकाण ८९३. मग अवघड काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा थांबून उत्तर देते. आपण डोंगर उंचीने आणि चढाने मोजतो. रॉकपॅच किती, दोर लागतो का, एक्स्पोजर, म्हणजे बाजूला उघडी दरी, किती. या वाटेवर त्यातलं फार थोडं आहे. इथे थकवते ती ओल, वारा आणि सलग दिवसांची चाल. आपल्याकडचा ट्रेक रविवारी संध्याकाळी संपतो, कपडे दोरीवर वाळत पडतात. इथे ओले बूट सकाळी पुन्हा घालायचे आणि आणखी २५ किलोमीटर चालायचं, असं पंधरा-वीस दिवस.

दुसरं धुकं. आपल्याकडे दाट धुक्यातही कडा, सोंड, खिंड अशा खुणा हाताशी असतात. मूरला धार नसते. सगळीकडे सारखाच फुगवटा, सारखंच गवत. ब्लीक्लो नावाच्या पठारावर मी भर दुपारी दीड तास भरकटले. नकाशा हातात होता, पण होकायंत्र सॅकच्या तळाशी, आणि वाऱ्यापावसात सॅक उघडायचा मला कंटाळा आला. शेवटी वाट सापडली, पण त्या दीड तासात अंगातली ऊब इतकी गेली की पुढे मुक्कामाला पोचेपर्यंत दात वाजत होते. तेव्हापासून होकायंत्र गळ्यात.

सह्याद्रीचा अनुभव कामाला येतोच. पावसात चालायची सवय, गुडघ्यांचं बळ, भिजण्याची भीती नसणं, हे सगळं तुमच्याकडे आहे. फक्त ‘डोंगर लहान आहे’ हे मनातून काढून या.

दलदलीतून वाट कशी काढली आहे? फोटोत तर दगडी फरश्या दिसतात.

हो, आणि या फरश्यांविषयी मला मराठी माणसाला आवर्जून सांगायचं असतं.

वाट खुली झाल्यावर इतके लोक चालू लागले की पीट उघडं पडलं आणि चिखलाचे पट्टे रुंद होत गेले. त्याआधीच मँचेस्टर-शेफील्डच्या कारखान्यांच्या धुराने, आम्लाच्या पावसाने इथलं शेवाळ मेलं होतं. ब्लॅक हिल हा डोंगर तर नावाप्रमाणे काळाठिक्कर पडला होता. मग वाटेवर मोठमोठ्या दगडी फरश्या अंथरायचं ठरलं. त्यांतल्या पुष्कळशा लँकेशर-यॉर्कशरच्या बंद पडून पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून काढलेल्या आहेत. हेलिकॉप्टरने त्या मूरवर नेऊन टाकल्या. काही फरश्यांवर यंत्र बसवण्यासाठी पाडलेली भोकं अजून दिसतात.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस येणं थांबलं, तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांना भारतातून कापूस गेला. त्यात वऱ्हाड-खानदेशचा मालही मुंबई बंदरातून चढला. मुंबईत त्या चार वर्षांत अफाट पैसा आला आणि १८६५ मध्ये बाजार कोसळून तो बुडालाही. आपल्या कापसाचा तंतू आखूड, म्हणून इथले कामगार त्यावर वैतागायचे. कुठली फरशी कुठल्या गिरणीतली हे कुणी सांगू शकणार नाही. पण पाऊस थांबला की त्या ओल्या दगडांवरून चालताना, दोन्ही बाजूंना कापूसगवत हलत असताना, गिरणगावात वाढलेल्या माझ्या आजोबांची आठवण मला प्रत्येक वेळी येते. आता ब्लॅक हिल पुन्हा हिरवा झाला आहे. शेवाळाची लागवड करून, ओहोळांना बांध घालून माणसांनी तो हिरवा केला.

फरश्या पावसात निसरड्या होतात आणि थंडीत त्यांवर बर्फाचा पातळ थर धरतो, तेवढं सांभाळा.

ही वाट बनवली कोणी? इथले लोक तिच्याबद्दल इतकं भावुक होऊन का बोलतात?

कारण मूरवर चालायचा हक्क सामान्य माणसाला भांडून मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले होते. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्यांत आठवडाभर राबणारे तरुण रविवारी मोकळ्या हवेसाठी येत आणि राखणदार त्यांना हाकलत. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे जण किंडर स्काउट डोंगरावर मुद्दाम, उघडपणे घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. सविनय कायदेभंग तेव्हा आपल्याकडे ऐन भरात होता, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तीन वर्षांनी, १९३५ मध्ये, टॉम स्टीफनसन या पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहून अशी लांब हिरवी वाट हवी असं मांडलं. ती खुली व्हायला तीस वर्षं लागली, आणि उद्घाटनाचा दिवस पुन्हा २४ एप्रिलच. दरम्यान १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. आज तुम्ही पहिल्याच दिवशी किंडरच्या कडेवरून बिनदिक्कत चालता. तिथे किंडर डाउनफॉल नावाचा धबधबा आहे. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी उलटं वर उडतं, आपल्या नाणेघाटाजवळच्या उलट्या धबधब्यासारखं.

सराई म्हणजे इन ना? ते हॉटेल असतं की पब?

दोन्ही. खाली पब, वर पाच-दहा खोल्या. घोडागाडीच्या आणि गुराख्यांच्या काळापासून चालत आलेली जागा. दगडी भिंती, ठेंगणी दारं, एका कोपऱ्यात पेटती शेगडी, तिच्यासमोर झोपलेला कुणाचातरी कुत्रा. ईडेलचं ‘ओल्ड नॅग्ज हेड’ १५७७ सालचं आहे, आणि वाट त्याच्या दारातूनच सुरू होते असं मानतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. चिखलाचे बूट दारातच काढायचे. ‘ड्राइंग रूम आहे का’ म्हणून विचारायचं. ही बैठकीची खोली नव्हे, ओले कपडे-बूट वाळवायची गरम खोली असते. ती असेल तर निम्मा थकवा तिथेच उतरतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. जेवणाची ऑर्डर बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन द्यायची, कोणी टेबलाशी येईल म्हणून वाट पाहत बसू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं : स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होतं, म्हणजे बंदच. गावात दुसरं काही नसतं. काही ठिकाणी सोमवारी-मंगळवारी जेवणच नसतं. खोली ठरवतानाच ‘त्या दिवशी रात्रीचं जेवण मिळेल ना’ हे विचारून घ्या.

सकाळचा नाश्ता बहुधा आठला आणि तो भरपेट असतो. आदल्या रात्री सांगितलं तर दुपारचा डबाही बांधून देतात.

मला या वाटेवर सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ही संध्याकाळ. दिवसभर माणूस दिसलेला नसतो. अंधुक होत जाणाऱ्या मूरच्या कडेला एक दिवा दिसतो. आत गेल्यावर बाजूच्या टेबलावरचा मेंढपाळ विचारतो, ‘वर पाणी किती होतं?’ तेवढ्यावरून गप्पा सुरू होतात. उद्याच्या वाटेची सगळ्यात ताजी बातमी नकाशात नसते, ती या टेबलांवर मिळते. कुठला ओढा फुगलाय, कुठलं फाटक मोडलंय. म्हणून खोलीत जेवण मागवू नका, खाली बसा.

आम्ही दारू घेत नाही. पबमध्ये अवघडल्यासारखं होईल का?

अजिबात नाही. चहाची किटली मागा, लिंबाचं सरबत मागा, कोणी वळूनही पाहत नाही. लहान मुलं, आज्या, कुत्री, सगळेच बसलेले असतात. गावाचा चावडीकट्टा समजा. एकच रीत लक्षात ठेवा : ओळख झालेल्या कोणी तुमच्यासाठी पेय आणलं, तर पुढची फेरी तुम्ही आणायची, मग त्यात तुमचा चहा का असेना.

शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

उपाशी राहणार नाही, पण सावध राहावं लागेल. मेन्यूवर शाकाहारी पदार्थांपुढे ‘व्ही’ अक्षर असतं आणि अगदी आडगावातही दोन-तीन पदार्थ असतातच. पण काही ठिकाणी माणूस फसतो :

बटाट्याचे चिप्स. यॉर्कशरमध्ये अनेक ठिकाणी ते गाईच्या चरबीत तळतात, त्याला बीफ ड्रिपिंग म्हणतात. ‘कशात तळता?’ हे स्पष्ट विचारा. त्यांना या प्रश्नाची सवय आहे. यॉर्कशर पुडिंग हे नावावरून गोड वाटतं, पण ते मैदा-अंड्याचं असतं आणि तेही पुष्कळदा त्याच चरबीत भाजतात. ग्रेव्ही म्हणजे आपली रस्साभाजी नव्हे, ती मांसाच्या रसाची असते. नाश्त्यातलं ब्लॅक पुडिंग हे डुकराच्या रक्ताचं. सूपमधला स्टॉक विचारून घ्या.

नाश्त्याला शाकाहारी ताट मागा : अंडी, बीन्स, मशरूम, भाजलेला टोमॅटो, टोस्ट, भाज्यांचं सॉसेज. अंडी चालत नसतील तर आधी कळवा, ओट्सची लापशी सगळीकडे मिळते. जैन जेवणाची अपेक्षा मात्र ठेवू नका. कांदा-लसूण सोडून करून देणं छोट्या स्वयंपाकघराला जमत नाही.

आणि स्टिकी टॉफी पुडिंग खाऊन पाहा. खजुराचा गरम केक, वर पातळ टॉफी. २५ किलोमीटर चालून आल्यावर त्याची चव वेगळीच लागते.

घरून काय आणता येईल?

इंग्लंडमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, तूप, बर्फी घरीच ठेवा. कोरडी चटणी, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की, भाजक्या डाळीचं मेतकूट हे सॅकमध्ये सोन्यासारखं. उकडलेल्या बटाट्यावर मेतकूट आणि मीठ घालून खाल्लेलं दुपारचं जेवण मी विसरणार नाही.

पूर्ण वाटेला किती दिवस? इतकी सुटी नाही, मग काय करावं?

पूर्ण वाटेला १६ ते २१ दिवस. घाई करू नका, मध्ये किमान दोन विश्रांतीचे दिवस धरा.

सुटी कमी असेल तर मी सगळ्यांना एकच तुकडा सुचवते : गारग्रेव्ह ते डफ्टन, सहा दिवस. पहिल्या दिवशी गारग्रेव्ह ते मॅलम, अकरा-बारा किलोमीटरच. त्यामुळे सकाळी लीड्सहून रेल्वेने येऊन दुपारी निघता येतं. दुसऱ्या दिवशी मॅलम कोव्हचा सुमारे ८० मीटर उंच चुनखडीचा अर्धवर्तुळाकार कडा, मग फाउंटन्स फेल आणि पेनिगेंट (६९४ मीटर) हे डोंगर ओलांडून हॉर्टन. तिसऱ्या दिवशी हॉर्टन ते हॉज. हॉजला वेन्स्लीडेल चीजची पेढी आहे, आणि पुढच्या हार्ड्रॉ गावी एका सराईच्या परसातूनच धबधब्याकडे जाता येतं. चौथा दिवस ग्रेट शनर फेल (७१६ मीटर) ओलांडून टॅन हिलला. पाचवा मिडलटनला. सहावा सगळ्यात लांब, ३२ किलोमीटर, पण टीज नदीकाठचे लो फोर्स, हाय फोर्स आणि कॉल्ड्रन स्नाउट हे तीन धबधबे आणि शेवटी हाय कप निक. डफ्टनपासून पाच-सहा किलोमीटरवर ॲपलबी स्टेशन आहे. गारग्रेव्ह, हॉर्टन, ॲपलबी ही सगळी लीड्स-कार्लाइल रेल्वेवर, त्यामुळे मोटारीची गरज नाही. मध्येच पाय दुखावला तर हॉर्टनला रेल्वेत बसून परतही येता येतं.

हाय कप निकबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते. दिवसभर सपाट माळावरून चालत असता आणि एकाएकी जमीन संपते. समोर हिमनदीने कोरलेली, परातीसारखी गोलसर प्रचंड दरी, कडेला काळ्या दगडाच्या उभ्या रांगा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेला माणूस इथे येऊन गप्प होतो. उंची कोकणकड्याची नाही, पण अचानक समोर येण्याचा धक्का तोच.

सामान स्वतः वाहायचं का?

एका सराईतून पुढच्या सराईत बॅग पोचवणाऱ्या सेवा आहेत. सकाळी बॅग दारात ठेवायची, संध्याकाळी ती तुमच्या आधी पोचलेली असते. पाठीवर फक्त दिवसाची सॅक. पन्नाशीपुढच्यांनी तर ही सेवा घ्यावीच, त्यात कमीपणा काही नाही. पण रेनकोट, गरम थर, नकाशा, टॉर्च, खाऊ आणि औषधं त्या पुढे जाणाऱ्या बॅगेत टाकू नका.

कधी यावं?

मे अखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये साडेनऊच्या पुढेही उजेड असतो, त्यामुळे वाट चुकली तरी हातात वेळ राहतो. हेदर पाहायचं तर ऑगस्ट. १२ ऑगस्टपासून ग्राउसची शिकार सुरू होते, त्या दिवसांत काही भागांत बंदुकांचे आवाज येतात आणि वाटेवरच राहणं महत्त्वाचं. आपल्या दिवाळीच्या सुटीत यायचा बेत असेल तर रद्द करा. तेव्हा इथे फार लवकर अंधार पडतो.

खर्च आणि बुकिंग?

दोघांची खोली नाश्त्यासह साधारण १०० ते १४० पौंड धरा. एकट्याला जवळजवळ तेवढेच पडतात, म्हणून जोडीने येणं परवडतं. जून-जुलैसाठी चार-पाच महिने आधी बुकिंग करा, कारण काही मुक्कामी सगळ्या गावात मिळून दहा-बारा खोल्या असतात. शनिवारी काही सराया दोन रात्रींखेरीज खोली देत नाहीत, म्हणून चालायला रविवारी सुरुवात केली तर पुढचं गणित सोपं होतं. कार्ड सगळीकडे चालतं, तरी पन्नासेक पौंड रोख ठेवा. पर्यटक व्हिसा सहा महिन्यांपर्यंतचा असतो. त्याच्या अर्जाला वेळ लागतो, तोही हिशेबात धरा.

तंबू लावून राहण्याबद्दलही विचारतात. इंग्लंडमध्ये या डोंगरांवर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू लावणं कायद्यात बसत नाही. गावोगावी तंबूच्या अधिकृत जागा आहेत, त्या वापरा.

बूट, कपडे?

घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, आधी किमान शंभर किलोमीटर वापरलेले बूट. लोकरीचे मोजे, तीन जोड. बुटावरून पोटरीला बांधायचे गेटर्स घ्या, ते चिखल आत जाऊ देत नाहीत. रेनकोट बरोबर वॉटरप्रूफ पँटही लागते. आपल्याकडचा प्लॅस्टिकचा पोंचो इथल्या वाऱ्यात फाटतो आणि तोंडावर येतो. छत्री आणूच नका.

वाट चुकलो किंवा कोणी जखमी झालं तर?

ओकच्या फळाचं चिन्ह ही राष्ट्रीय पायवाटेची खूण, पण उघड्या मूरवर खांब विरळ असतात. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० नकाशा कागदी स्वरूपात जवळ हवा. फोनचं रेंज तासन् तास नसतं.

संकटात ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. रेंज कमी असताना मेसेजही चालतो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो. निघण्यापूर्वी ‘register’ हा शब्द रोमन लिपीत ९९९ ला पाठवा आणि आलेल्या सूचनेप्रमाणे होकार द्या. शिट्टीची खूण : मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. बचावपथकातले सगळे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. आपल्याकडे लोणावळा-महाबळेश्वरची गावकरी पोरं जशी रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात, तशीच ही माणसं.

जनावरांची भीती?

बिबट्या नाही, विषारी सापांत फक्त ॲडर, आणि तो माणसापासून पळतो. सावध राहायचं ते वासरं बरोबर असलेल्या गायींपासून. आपल्या गावच्या गायींइतक्या त्या माणसाळलेल्या नसतात. कळप आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. नेच्याच्या झुडपांतून चालल्यावर रात्री पाय-मांड्या तपासा, टिक नावाची गोचीड चिकटते आणि तिच्यापासून लाइम आजार होऊ शकतो. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा : बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

वय साठच्या पुढे आहे. जमेल?

मला वाटेत भेटलेल्यांपैकी निम्मे साठीच्या पुढचे होते. रोजचं अंतर १५ ते १८ किलोमीटर ठेवा, बॅग पुढे पाठवा, दोन काठ्या वापरा. गुडघेदुखी असेल तर उतारांची चौकशी आधी करा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर क्रॉस फेल या सगळ्यात उंच माथ्याचा टप्पा सोडा.

बाईमाणसाने एकटीने जाणं सुरक्षित आहे का?

मी निम्मी वाट एकटीने चालले आणि माणसांची भीती मला एकदाही वाटली नाही. सराईत ‘उद्या अमुक ठिकाणी पोचणार आहे’ असं सांगून निघायचं, पुढच्या सराईला अंदाजे वेळ कळवायची. जानेवारी २०१९ मध्ये जॅस्मिन पॅरिस ही बाई एका शर्यतीत ऐन थंडीत ही सगळी वाट ८३ तास १२ मिनिटांत पळत पार करून पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे पहिली आली. घरी तान्ही मुलगी होती, तिच्यासाठी वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. भाच्यांना मी ही हकीकत सांगते.

टॅन हिलला मुक्काम करावाच का?

करावाच. ५२८ मीटरवरची ही सराई ब्रिटनमधली सगळ्यात उंचावरची. आजूबाजूला गाव नाही, फक्त मूर. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळात बर्फाने रस्ते बुजले आणि साठेक माणसं, गाण्याच्या कार्यक्रमाला आलेल्या वाद्यवृंदासकट, तीन रात्री आत अडकली. जेवण, शेगडी, गाणी यांवर त्यांनी ते दिवस काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लाइटहोम मूरवरून वाट जाते, ती पूर्ण वाटेवरच्या सगळ्यात ओल्या पट्ट्यांपैकी एक. भर पाऊस झाला असेल तर सराईत विचारून रस्त्याचा पर्याय घ्या.

क्रॉस फेलच्या वाऱ्याबद्दल ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. ८९३ मीटरचा हा वाटेवरचा सर्वोच्च माथा. ईशान्येचा वारा त्यावरून पश्चिमेच्या उतारावर कोसळतो त्याला ‘हेल्म विंड’ म्हणतात. ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेला वारा हा एकच. उभं राहणं कठीण होतं. माथ्यापलीकडे ग्रेग्ज हट नावाची शिशाच्या खाणकामगारांची जुनी खोली कुणासाठीही उघडी असते. आत शिरून कोरडे मोजे घाला, खा, मगच पुढे निघा.

हेड्रियनच्या भिंतीवरचं ते झाड अजून आहे का?

सायकामोर गॅप नावाच्या खिंडीतलं ते प्रसिद्ध झाड २७-२८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री करवतीने पाडलं गेलं. वाट त्या खिंडीतूनच जाते. बुंध्याला नवे धुमारे फुटले आहेत, त्यांना हात लावू नका. इसवी सन १२२ पासून बांधलेल्या रोमन भिंतीच्या कडेने चालण्याचा हा दिवस चढउतारांचा आहे, अंतरावरून अंदाज बांधू नका.

शेवटच्या टप्प्यात सराईच नाही म्हणतात, मग?

बर्नेस ते किर्क येथोम, चाळीस किलोमीटरहून जास्त, चेव्हियट डोंगरांच्या माथ्यावरून. मध्ये फक्त दोन लाकडी निवारे. एका दिवसात करणारे पहाटे निघतात. मी दोन दिवसांत केलं : अर्ध्यावर दरीत उतरायचं, आधी ठरवलेली गाडी मुक्कामाला घेऊन जाते आणि सकाळी त्याच जागी आणून सोडते. असं करून देणाऱ्या सराया आणि घरं त्या भागात आहेत, बुकिंग करतानाच विचारा.

किर्क येथोमला ‘बॉर्डर हॉटेल’मध्ये वाट संपते. पूर्ण करणाऱ्यांची नावं लिहायची वही तिथे आहे. या डोंगरांचे नकाशे हाताने रेखाटणारे आल्फ्रेड वेनराइट यांनी वाट पूर्ण करणाऱ्याला आपल्या पैशांतून बिअर द्यायची प्रथा सुरू केली, ती त्यांच्यामागेही चालू राहिली. मी चहा मागितला, तोही त्यांनी त्याच मानाने दिला. परतीसाठी केल्सोला बस, तिथून बेरिकला बस आणि पुढे रेल्वे. रविवारी बस फारच कमी, त्यामुळे शेवटचा दिवस शनिवारच्या आत बसवा.